एकाहत्तरचा थर्मोस्टॅट आणि माझा तिसरा हिस्सा

मी, बशीर दस्तगीर शिकलगार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लाँचच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती, मूळ राहणार कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, सध्या राहणार मौजे वांजोळे, तालुका पाटण, जिल्हा सातारा, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाला बळी न पडता, स्वतःच्या अकलेने हे लिहून ठेवतो. शरीराने मी धड नाही हे कराडच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोक्याने धड आहे असा दाखला त्यांच्याकडूनच घेऊन सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचल्यावर निदान दोन माणसे म्हणतील की म्हाताऱ्याचे डोके फिरले होते. ज्यांना शंका असेल त्यांनी मला जिवंतपणी येऊन विचारावे. सकाळी आठ ते बारा मी धक्क्यावरच्या माझ्या शेडमध्ये असतो.

मृत्युपत्र करण्याचे खरे कारण मालमत्ता नाही. मी गप्प बसल्यामुळे पल्लवी नाथाजी कदम या लाँच चालकाचे काम आणि नाव दोन्ही गेले. ते तिला परत मिळावे म्हणून हा कागद आहे. बाकीची कलमे त्या कलमाच्या सोबतीला आली आहेत.

पाटणच्या वकील संयोगिता मोहिते यांनी मला दीड पानाचा स्वच्छ मसुदा करून दिला होता. मी तो घरी नेला आणि सगळा नव्याने लिहून काढला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "चाचा, मृत्युपत्रात थर्मोस्टॅट येत नाही."

मी म्हणालो, "मग ते दीड पान दुसऱ्या कुणाचं तरी हाय बाई. माझ्यात यायलाच पायजे."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कायद्याची वाक्ये तेवढी दुरुस्त करून दिली. त्यांची फी मी दिली आहे.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेल तर ते चहा पिताना केले असेल. ते रद्द समजावे.

कलम २. आमच्या कायद्याने माणसाला आपल्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच मन चालवता येते, आणि तो हिस्साही बाकीच्यांच्या संमतीशिवाय वारसाला देता येत नाही. उरलेले दोन हिस्से ठरल्या वाटणीने जातील. पत्नी जरिना हिला आठवा भाग, मग राहील त्यात मुलगा अफताब याचे दोन आणि मुलगी आयेशा हिचा एक. त्यात मी तोंड घालत नाही. कवठे महांकाळच्या दुकानातली माझी निम्मी जागा आणि पोस्टातली ठेव या वाटणीत जाईल. वांजोळ्याचे घर मी दहा वर्षांपूर्वीच बक्षीसपत्राने जरिनाच्या नावे केले आहे. म्हणजे या घरात मी तिचा भाडेकरू आहे आणि ती मला ते विसरू देत नाही.

आमचे नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा तिसऱ्या हिश्श्याचे मृत्युपत्र कशाला, अल्लाचे नाव घेऊन पडून राहा. अल्लाचे नाव मी घेतोच. पण जेवढ्यावर माझा हक्क आहे तेवढा मी शेवटच्या पान्यापर्यंत वापरणार आहे.

कलम ३. आता थर्मोस्टॅट. हे कलम मालमत्तेचे नाही. पण हे कळले नाही तर पुढचे एकही कलम कळणार नाही, म्हणून घालतो.

आमचा पिढीजात धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचा. कवठे महांकाळच्या आमच्या विहिरीचे पाणी असे जड होते की आईच्या तांब्याच्या बंबात वर्षभरात बोटभर पांढरा थर चढायचा. दर उन्हाळ्यात तो छिन्नीने खरवडायचे काम माझ्याकडे होते. पाणी तापले की त्यात असेल ते भांड्याला धरते, एवढे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. तरीही एकोणिसाव्या वर्षी मी कोकणात, बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे कामाला गेलो आणि पहिल्याच वर्षी तेच विसरलो.

थर्मोस्टॅट ही मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू. आत मेण असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते आणि आतले पाणी आतच फिरून तापते. ठरलेल्या उष्णतेला मेण वितळते, वस्तू उघडते, गरम पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. कितीला उघडायचे तो आकडा तिच्यावर कोरलेला असतो. बोटीचे साधे इंजिन समुद्राचे पाणी थेट पोटात घेते, आणि खारे पाणी साठाच्या वर गेले की मीठ धरू लागते, म्हणून तिथे पंचावन्नचा थर्मोस्टॅट असतो. एका मच्छीमार बोटीचा थर्मोस्टॅट गेला होता. बाजारात पंचावन्नचा मिळेना, ट्रकचा ब्याऐंशीचा मिळाला. बसतोय ना, मग झाले, असे म्हणून मी तो बसवला. दोन महिन्यांत इंजिन मिठाने आतून बंद झाले. उस्तादांनी मला मारले नाही. त्यांनी ते इंजिन उघडून माझ्यापुढे ठेवले आणि नऊ दिवस छिन्नी हातात दिली. आईच्या बंबाची आठवण मला तिथे पहिल्याच दिवशी आली, पण उशिरा आली.

तेव्हापासून मी थर्मोस्टॅट हातात घेतला की आधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडतो, शेजारी थर्मामीटर, खाली स्टोव्ह. किती अंशाला उघडतो ते डोळ्यांनी बघतो आणि पितळेवर खिळ्याने स्वतःचा आकडा ओरखडतो. कारखान्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवतो, पण बघून.

कलम ४. सुभेदार लालासाहेब साळुंखे, निवृत्त, फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते, यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. त्यांना माझ्या कपाटातला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट द्यावा. कारण ते जाणतात, पण इतरांसाठी लिहितो.

मी वांजोळ्याच्या धक्क्यावर आलो त्याला छत्तीस वर्षे झाली. कोयनेच्या या पसरलेल्या पाण्यापलीकडे जी गावे आहेत त्यांना रस्ता नाही, लाँचच आहे. शाळा, दवाखाना, गॅस, लग्नाची वऱ्हाडे, सगळे लाँचने. इथल्या लाँच वाहतूक संस्थेच्या तिन्ही लाँचची इंजिने जुनी, कोकणातून आणलेली, पंचावन्नची. रोज सकाळी पांढरा धूर, डिझेलचा वास, तेल लवकर खराब. कारण उघड होते. पंचावन्नला इंजिन कधी तापतच नव्हते, आणि न तापलेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही. लालासाहेबांशी माझा पहिला वाद इथेच झाला.

ते म्हणाले, "ब्याऐंशी घाल रं बशीर. लडाखात आमच्या ट्रकाला ब्याऐंशीच हुतं. इंजान गरम तर इंजान खूश."

"तुज्या ट्रकाला रेडिएटर हुता गड्या, वर दाबाचं झाकाण हुतं. ही लाँच उघड्यावर तळं पिती. इंजानाच्या हेडच्या कोपऱ्यात वाफ धरली की हेड तडकंल."

"मग पंचावन्न ऱ्हाऊ दे की. कंपनी काय येडी हाय?"

"कंपनीनं समिंद्रासाठी दिलंय. हितल्या पाण्यात मीठ कुठाय? क्षार तरी कुठाय? आमच्या गावच्या पाण्याशी तुलना कर, हे तर औषधात घालावं असं पाणी हाय."

"तुला आकड्याचं याड लागलंय," असे म्हणून ते निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी दोन हंगाम पंचावन्न, साठ, एकाहत्तर, ब्याऐंशी सगळे लावून पाहिले. धूर, तेलाचा रंग, डिझेलचा खप वहीत लिहिला. ब्याऐंशीला उन्हाळ्यात भरल्या लाँचने दोनदा वाफ सोडली. एकाहत्तरला इंजिनाने तक्रार केली नाही आणि मीही केली नाही. तीस वर्षे तिन्ही लाँच एकाहत्तरवर चालल्या. लालासाहेबांनी हे आजतागायत मान्य केलेले नाही. त्यांचा ब्याऐंशी त्यांना लखलाभ. माझ्या माघारी त्यांच्याशी भांडायला कोणी उरणार नाही याचे मला खरेच वाईट वाटते.

कलम ५. माझा पूर्ण तिसरा हिस्सा, म्हणजे धक्क्यावरची शेड, तिथली सगळी हत्यारे, आणि शेडमध्ये स्टँडवर उभे असलेले चार सिलिंडरचे इंजिन, मी पल्लवी नाथाजी कदम, वय तेहेतीस, राहणार वांजोळे, हिला देतो. मूल्यांकन वकिलांकडे आहे आणि ते तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसते. ज्याला आकडा बघायचा आहे त्याने तिकडे जावे.

पल्लवी माझी कोणी लागत नाही. तिचे वडील नाथाजी पंचवीस वर्षे लाँचवर होते, ते गेल्यावर हिने परवाना काढला आणि चालक झाली. इंजिनाकडे कान देऊन चालवणारी माणसे मी आयुष्यात तीन पाहिली, त्यातली ही एक. "चाचा, आज दोन नंबरचा आवाज बसकाय," असे म्हणायची आणि दोन नंबरचा इंजेक्टर खरोखरच गेलेला असायचा. आज ती पर्यटकांच्या तंबूंवर भाकरी थापते. तेही ती चांगले करते, पण तिने ते करावे यासाठी मी तिला थ्रॉटल धरायला शिकवले नव्हते.

स्टँडवरचे इंजिन हे तेच, जे तिच्या हाताखाली पाण्यात बंद पडले. संस्थेने ते भंगारात काढले तेव्हा मी विकत घेतले आणि नवे बेअरिंग, नवे लायनर घालून उभे केले. आत एकाहत्तरचा नवा थर्मोस्टॅट आहे. एका हाकेला चालू होते. ते कोणत्या लाँचमध्ये बसवायचे, स्वतःची लाँच करायची की विकून टाकायचे, हे तिचे ती ठरवील. कोणी म्हणेल की शिकलगारांची हत्यारे कदमांच्या मुलीकडे कशी. हत्यारे ज्याच्या हातात शोभतात त्याची असतात, असे माझा बाप सुरीला धार लावताना म्हणायचा.

कलम ६. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

२०२१ च्या दिवाळीत धक्क्यावर पर्यटकांची झुंबड होती. पल्लवीच्या लाँचचा उष्णतेचा काटा वर जाऊ लागला. तेव्हा दुरुस्तीचे कंत्राट माझा मुलगा अफताब याच्याकडे होते, मी आयेशाकडे सांगलीला होतो. तळ्याचे पाणी ओढणाऱ्या खालच्या जाळीत पालापाचोळा अडकला होता, एवढाच आजार. अफताबने जाळी साफ केली, पण माणसे रांगेत ओरडत होती, खात्री करायला वेळ नव्हता. म्हणून त्याने या देशातला प्रत्येक मेकॅनिक करतो ते केले. थर्मोस्टॅट काढून टाकला. गाडी गरम होते, काढून टाक. ट्रॅक्टर गरम होतो, काढून टाक. काटा खाली येतो, मालक खूश, मेकॅनिक खूश, आणि इंजिन गारठून आतल्या आत मरत राहते. त्याने तो बिस्किटाच्या डब्यात ठेवला. नंतर लावणार होता.

वर्षभर ती लाँच गार चालली. तिची पहिली फेरी मी शेडवर येण्याआधीच सुटायची, म्हणून तिचा सकाळचा धूर मला दिसला नाही. न जळालेले डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळत राहिले. तेल पातळ होते, पण तेल मोजायच्या पट्टीवर वाढलेले दिसते. पल्लवीच्या ते लक्षात आले. लाँचच्या वहीत ९ नोव्हेंबर २०२२ या तारखेला तिच्या अक्षरात नोंद आहे: "तेल दोन बोटे वाढले आहे. अफताबदादांना सांगितले." अफताब हसला होता. "तेल वाढतंय म्हंजी नशीबवान हायस. लोकांचं कमी हुतंय," असे म्हणाला होता.

जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, एकोणीस माणसे घेऊन येताना मधल्या पाण्यात पातळ तेलापायी बेअरिंग धरले आणि इंजिन जाम झाले. वारा होता. पल्लवीने बाकांच्या फळ्या काढायला लावल्या, पुरुषांना दोन्ही बाजूंना बसवून वल्ही मारायला लावली, स्वतः सुकाणूवर उभी राहिली. अडीच तासांनी लाँच काठाला लागली. कोणाच्या पायालाही पाणी लागले नाही. त्यात चेअरमन वीरधवल शेलार यांच्या आई होत्या, त्यांच्या मांडीवरचे डबेसुद्धा सांडले नाहीत. कोणी मेले असते तर लोक रडले असते. कोणी मेले नाही म्हणून लोकांना राग आला, आणि तो कुठेतरी ठेवायचा होता.

संस्थेच्या सभेत चेअरमन म्हणाले, "बाईच्या हातात इंजान दिलं की असंच हुतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् कंपनीचं पंचावन्न असताना एकाहत्तर घालायला ह्यांना कुणी सांगितलं हुतं? इंजान शिजीवलं."

मी आदल्या दिवशीच इंजिन उघडले होते. थर्मोस्टॅटचे झाकण काढले तर आत काही नव्हते. मी शेड धुंडाळली आणि बिस्किटाच्या डब्यात तो सापडला, माझ्या खिळ्याने ओरखडलेल्या ७१ सकट. अफताबला विचारले. तो म्हणाला, "अब्बा, लावायचं ऱ्हाऊन गेलं." त्याचे कंत्राट त्याच महिन्यात नव्याने व्हायचे होते.

सभेने मला कारण विचारले. मी लिहून दिले: "कारण निश्चित सांगता येत नाही."

पल्लवी समोर बसली होती. ती एवढेच म्हणाली, "चाचा, वहीत लिवलंय मी. वही बगा." वही माझ्याच पिशवीत होती. मी ती काढली नाही. ठरावाने तिला कामावरून कमी केले, आणि माझा तीस वर्षांचा आकडा मी माझ्या डोळ्यांदेखत खोटा पडू दिला. आयुष्यभर ज्या माणसाने चार अंशांसाठी लोकांशी वैर धरले, तो त्या दिवशी मान खाली घालून चहा पीत बसला. मला त्याची लाज वाटते. साध्या शब्दांत सांगतो, दुसरे शब्द नाहीत.

म्हणून आता जाहीर करतो. इंजिन चालकामुळे बंद पडले नाही. एकाहत्तरच्या थर्मोस्टॅटमुळे बंद पडले नाही. थर्मोस्टॅट आत नव्हता म्हणून बंद पडले. तो काढणे ही अफताबची चूक. ती दोन वर्षे आठ महिने लपवणे हे माझे काम, आणि माझे काम त्याच्या चुकीपेक्षा वाईट. लाँचची वही आणि तो थर्मोस्टॅट, दोन्ही या कागदाला जोडले आहेत.

पल्लवीवर माझाही एक राग आहे, तो इथेच नोंदवून टाकतो. तेल वाढतेय हे तिने अफताबला सांगितले, पण शेड पन्नास पावलांवर असताना माझ्याकडे का आली नाही? मी नुसता वास घेऊन ओळखले असते. मी तिला हे मागाहून विचारले. ती म्हणाली, "ऱ्हाऊन गेलं चाचा." एवढ्या जागरूक माणसाकडून असे राहून कसे जाते, हे मला समजलेले नाही. तरी राग मी इथे सोडतो.

कलम ७. श्री जननी लाँच वाहतूक सहकारी संस्था, वांजोळे, या संस्थेला थर्मोस्टॅटचे ते झाकण द्यावे, ज्याच्या आत काही नव्हते. ते कार्यालयात चेअरमनच्या खुर्चीमागे लावावे. संस्थेने नाकारल्यास लालासाहेबांनी ते धक्क्यावरच्या जांभळाला टांगावे. ते झाड ग्रामपंचायतीचे आहे, मी परवानगी काढून ठेवली आहे.

हे चेष्टेचे कलम नाही. त्या सभेने दुसराही एक ठराव केला होता: उरलेल्या दोन्ही लाँच आणि नवीन येणारी एक, तिन्हींचे थर्मोस्टॅट काढून टाकावेत, म्हणजे पुन्हा असे घडणार नाही. ते काढले गेले. आज तिन्ही लाँच गार चालतात. चेअरमनांना काटा खाली दिसतो. मला सकाळी धक्क्यावरून पांढरा धूर दिसतो. एकदा मधल्या पाण्यात पल्लवी होती. पुढच्या वेळी कोण असेल सांगता येत नाही. ज्याला माझे खोटे वाटते त्याने तिन्ही इंजिनांची तेलाची पट्टी ओढून बघावी आणि थेंबभर तेल वर्तमानपत्रावर टाकून हुंगावे. त्याला शिक्षण लागत नाही, नाक लागते. पल्लवीला बोलावून घ्यायचे की नाही हे सभासदांनी ठरवावे, पण तो ठराव रद्द करताना तिचे नाव इतिवृत्तात चांगल्या शब्दांनी घ्यावे. मी फुकट तीन थर्मोस्टॅट आणून ठेवले आहेत, तिन्ही पातेल्यात तपासलेले. शेडच्या खिडकीत आहेत.

कलम ८. ज्या पातेल्यात छत्तीस वर्षे थर्मोस्टॅट उकडले ते मूळचे जरिनाचे आहे. "आवं, त्यात मी दूध तापवत हुते," हे मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा अजानही ऐकली नसेल. ते तिला परत द्यावे. थर्मामीटर पल्लवीचा. आकड्यांची वही मी आजच आयेशाच्या हातात दिली आहे. ती मिरजेला शाळेत विज्ञान शिकवते. कोणीही मागितली तर तिने नक्कल द्यावी, पैसे घेऊ नयेत, आणि देताना नाक मुरडू नये.

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे तसे उघडायचे नाही. येत्या रविवारी संस्थेची वार्षिक सभा आहे. त्या सभेत लालासाहेब हे पहिल्या शब्दापासून वाचतील आणि मी पहिल्या रांगेत बसलेला असेन. चेअरमनांनी विषयपत्रिकेत बसत नाही असे म्हटले तर लालासाहेबांनी आवाज वाढवावा. फौजेत तो त्यांना फुकट मिळाला आहे.

जरिनाने यावर तीन दिवस मला चहा दिला नाही. मग म्हणाली, "आवं, पोराचं नाव कागदावर घालू नगा. तुमी गेल्यावर लोक त्यालाच धरतील."

मी म्हणालो, "म्हनून तर मी हाय तवरच वाचायचं. धरू देत. मी त्याच्या शेजारी हुबा ऱ्हाईन. मेल्यावर मला हुबं ऱ्हाता येनार न्हाई."

ती उठून आत गेली आणि येताना दोन कप चहा घेऊन आली. याला मी संमती समजतो.

कलम १०. मला वांजोळ्यातच दफन करावे, कवठे महांकाळला नेऊ नये. एवढ्या पाण्याशेजारी राहिलेल्या माणसाला परत त्या विहिरीपाशी नेणे बरे नाही. हातांच्या रेघांतले काळे निघाले नाही तर राहू द्यावे. आंघोळीचे पाणी किती गरम असावे याबद्दल लालासाहेबांचे मत विचारू नये.

कलम ११. साक्षीदारांची जागा दोन. पहिली विश्वजित जगताप यांची. दुसरी अफताबची. या कागदाने त्याला काही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, असे वकिलांनी सांगितले आहे. वरच्या कलमांची नक्कल मी काल त्याच्या हातात दिली आणि म्हणालो की वाच, पटले तर सही कर, नाही पटले तर लालासाहेबांनी आणलेला दुसरा माणूस करील आणि मी तुला काही विचारणार नाही. तो नक्कल खिशात घालून गेला. मी त्याच्यावर रागावलेलो आहे आणि तो माझा एकुलता मुलगा आहे. ही दोन्ही वाक्ये मी शेजारी शेजारी लिहितो, कारण दोन्ही खरी आहेत. तो काय करील ते हे लिहिताना मला ठाऊक नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. ब्याऐंशीबद्दलचासुद्धा नाही.

मौजे वांजोळे, तालुका पाटण, जिल्हा सातारा
दिनांक १८ सप्टेंबर २०२५

सही: बशीर दस्तगीर शिकलगार

साक्षीदार क्रमांक १: विश्वजित जगताप, शाखा डाकपाल, वांजोळे. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार क्रमांक २: अफताब बशीर शिकलगार. अब्बांनी माझ्यासमोर सही केली. कलम ६ मी वाचले, खरे आहे, एक गोष्ट कमी आहे. पल्लवी दुसऱ्यांदाही आली होती. डिसेंबरातला शुक्रवार होता, ती तेलाची पट्टी हातात घेऊन शेडवर अब्बांना शोधत आली, अब्बा नमाजला गेले होते. मी तिला म्हणालो, अब्बांना सांगू नकोस, मी बघतो. तिने माझा शब्द आजपर्यंत पाळला. खिडकीतला एक थर्मोस्टॅट आज दुपारी तीन नंबरच्या लाँचमध्ये बसवला आहे. सहीला तेल लागले आहे, ते माझ्याच हाताचे.